लेजंड तेवढा उरलाय

सोमवार, १ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढे कधी आपण इथवर कसे पोचलो असा प्रश्न पडला तर उत्तर हाताशी असावं, एवढाच हेतू.
चार्ट झाला. भिवराई दूध संघाच्या वार्षिक सभेत पहिल्यांदाच पडद्यावर चार्ट दिसणार आणि तो मी केलेला. नऊ संकलन केंद्रं, नऊ रंगांच्या नऊ रेघा, आणि लॅबने वर्षभर दुधाच्या प्रतीला दिलेले गुण. रेघ जितकी वर, तितकं दूध चांगलं. एक्सेलमध्ये कुणीही करतं, मी आर सॉफ्टवेअरमध्ये केलाय. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा काहीतरी उपयोग व्हायला हवा.
लेजंड तेवढा उरलाय. म्हणजे कोणता रंग कोणत्या केंद्राचा हे सांगणारी बाजूची नावं. अर्ध्या तासाचं काम. उद्या.

मंगळवार, २ सप्टेंबर
चेअरमन विजयसिंहदादांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. सभेत ज्या केंद्राची रेघ सगळ्यांत वर दिसेल त्याला नवा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी, द्यायचा असं ठरलंय. आणि चार्ट झकास झाला तर माझ्या ऑर्डरचंही त्याच आठवड्यात बघू म्हणाले. सहा वर्षं कंत्राटी आहे मी. ‘बघू’ हा शब्द याआधी पुष्कळदा ऐकलाय, पण या वेळी दादा चष्मा काढून म्हणाले.
इथे लिहायला हरकत नाही: सगळ्यांत वरची रेघ सांगवीची आहे. सांगवीचं केंद्र चालवतात रामहरी तात्या, माझे सासरे. मी काहीही इकडचं तिकडे केलेलं नाही, गुण लॅबचे आहेत. तात्या माणूसच तसा. प्रत्येक किटलीत लॅक्टोमीटर बुडवणार, पाणी निघालं की किटली परत. सख्खे चुलतभाऊ मोहनराव, त्यांचंही दूध परत पाठवलं. तेव्हापासून भावकीत तात्यांना कुणी लग्नाची पत्रिका हातात देत नाही, दारात ठेवून जातात.
घरी बायकोला, प्रतिक्षाला, सांगितलं. कुणाला बोलू नको असंही सांगितलं. मग मीच तात्यांना फोन करून म्हणालो, सभेला फेटा बांधून या. जास्त काही बोललो नाही. फार काही कळलं नसणार त्यांना.
लेजंड उद्या.

बुधवार, ३ सप्टेंबर
लेजंड उजवीकडे टाकला. त्याने चार्टचा एक तृतीयांश भाग खाल्ला. शिवाय मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. नऊ रंग, नऊ चौकोनांच्या माळा. फॉन्टचा प्रश्न आहे, माझा नाही.
शेजारच्या टेबलावरच्या शबीना मॅडम हिशेब विभागात आहेत. चार्ट झाला का विचारत होत्या. तत्त्वतः झालाय म्हणालो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
फॉन्ट आला. लेजंड खाली नेला. नऊही नावं एका ओळीत, त्यामुळे शेवटची तीन पानाबाहेर पडली. अक्षर बारीक केलं तर नावं बसतात, पण मग ती कुणाला वाचता येत नाहीत. सभासदांचं सरासरी वय बघता हा पर्याय सोडला.
संकल्प: उद्या अनंत चतुर्दशी, सुट्टी. मिरवणुकीकडे फिरकायचं नाही. शांत घर, लेजंड, चहा.

शनिवार, ६ सप्टेंबर
मिरवणुकीत भवानीनगरचं ढोलपथक होतं. न बघून कसं चालेल.

सोमवार, ८ सप्टेंबर
तीन ओळींत तीन-तीन नावं बसवली. सुंदर. मी जरा डोकं चालवलं होतं: जी रेघ वर तिचं नाव आधी, जी खाली तिचं शेवटी. वाचणाऱ्याची नजर इकडे तिकडे भटकत नाही. पुस्तकात असंच सांगितलंय.
प्रिंट घेऊन दादांकडे गेलो. दादांनी बराच वेळ कागद बघितला. मला वाटलं रेघा बघतायत. मग त्यांनी सगळ्यांत शेवटच्या नावावर बोट ठेवलं. मोठा मळा. त्यांचं गाव.
मी समजावून सांगितलं, की नावं रेघांच्या क्रमाने आहेत. मोठ्या मळ्याची रेघ तळाला आहे हे मात्र शब्दांत सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. दादा आवाज न चढवता म्हणाले, “अविराज, रेघा कुठंबी जाऊ द्या. नावं मानानं लावा.”
पितृपक्ष लागलाय, आता काही मंजूर करत नाही, घट बसल्यावर आणा, असंही म्हणाले. म्हणजे दोन आठवडे मिळाले. हे एक प्रकारे माझ्या पथ्यावरच पडलं.

बुधवार, १० सप्टेंबर
संघातला मान सगळ्यांना पाठ आहे. आधी चेअरमनचं गाव, मग व्हाइस चेअरमन हिंदुरावांची लिंबवस्ती, मग संचालक ज्येष्ठतेनुसार. पत्रिकेत तसंच, फ्लेक्सवर तसंच, सत्काराच्या नारळालाही तसंच.
पण सॉफ्टवेअर नावं आधी उभी भरतं, वरून खाली. त्यामुळे दुसऱ्या मानाचं नाव पहिल्याच्या शेजारी न येता खाली आलं. हिंदुराव स्वतः बघायला आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. “खाली म्हंजी पायाशी की वो,” एवढंच म्हणून गेले.
नावं आडवी भरायची एक कमांड असते. एका शब्दाची. ती सापडायला संध्याकाळ झाली. घरी बारामतीला जायची सहाची एसटी गेली. तरी समाधान आहे. ही अडचण सोडवणारा जगात मी एकटाच नसेन, पण या कारणासाठी सोडवणारा नक्कीच एकटा असेन.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
नावं आडवी भरल्यावर चौथ्या मानाचं नाव चेअरमनच्या खाली येतं. चौथे संचालक खूश, दादांच्या जवळ आलो म्हणाले. तिसरे नाराज, आपण कडेला पडलो म्हणाले. चौथ्याचं नाव आपल्यापेक्षा आत आहे हे त्यांनी पट्टी लावून दाखवलं.
जेवणाच्या सुट्टीत स्टँडजवळच्या अफजलच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तालुक्यातले निम्मे फ्लेक्स त्याचेच. त्याला विचारलं, तू कसं निभावतोस. तो म्हणाला ओळी लावायचं त्याने कधीच सोडून दिलंय. सगळे फोटो गोलात लावायचे, मधे देव. गोलाला शेवट नसतो.
लेजंड गोलात लावता येतो का बघायचं. नवीन काहीतरी करायची संधी आहे. कदाचित यावर पेपर होईल.

सोमवार, १५ सप्टेंबर
नाही लागत गोलात. शनिवार-रविवार गेला. प्रतिक्षा म्हणाली, दोन दिवस एकाच चित्राकडे बघताय, आजारी पडाल. तिला म्हणालो हे संशोधन आहे. तिने माझ्यापुढे काढा ठेवला.

मंगळवार, १६ सप्टेंबर
नवी सूचना. नुसतं गावाचं नाव रुक्ष वाटतं. ‘मा. श्री.’ लावून संचालकांचं नाव, कंसात गाव. सांगवीला संचालकच नाही, त्यामुळे तिथे नुसतं ‘सांगवी’.
लेजंड आता अर्ध्या पानात आलाय. वरच्या अर्ध्या पानात नऊ रेघा एकमेकींवर चेपून बसल्यात. प्रिंट घरी नेली. प्रतिक्षाने उलटी धरली, सुलटी धरली आणि विचारलं, यात चार्ट कुठाय. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, तिला ग्राफिक डिझाइनची दृष्टी नाही.
तात्यांचा फोन आला होता. केंद्रासमोर सिमेंटचा ओटा बांधून घेतला म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. उन्हाळ्यात इंदापूरला संघाच्या डेअरीत पोचेपर्यंत दूध नासतं, त्यासाठी तात्या तीन वर्षं कूलर मागतायत.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
‘मा. श्री.’ घातल्यावर नावं परत रेघांच्या क्रमाने लागली. मानाचा क्रम लावायच्या दोन पद्धती. एक लांबची: मूळ डेटातच केंद्रांचा क्रम बदलायचा, म्हणजे नावाबरोबर त्याचा रंगही हलतो. पण तसं केलं की फॉन्ट, ओळी, अंतर, सगळं परत जुळवायला बसा. दुसरी जवळची: लेजंडमध्ये जिथे नावं छापतात तिथे आपल्या हाताने नऊ नावं मानाच्या क्रमाने टाइप करायची.
जवळची केली. चहा गार व्हायच्या आत झाली. अठरा दिवस उगाच लांबच्या वाटेने फिरत होतो.
शबीना मॅडम मागे उभ्या होत्या. नावं हलली तर रंगही हलले का, असं विचारत होत्या. तसं सॉफ्टवेअर बघून घेतं, म्हणालो. हिशेबवाल्यांना सगळीकडे चूक दिसते.
सांगवी शेवटी गेलं. संचालक नाही म्हटल्यावर जाणारच. तात्यांना नावाचं काही नाही. त्यांची रेघ बोलेल.

सोमवार, २२ सप्टेंबर
घट बसले. दादांनी प्रिंट बघितली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं आणि “आता बरुबर” म्हणाले. सही केली.
डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता एकदा शांतपणे पूर्ण चार्ट बघून घ्यायचा. उद्या.

बुधवार, २४ सप्टेंबर
लेजंडच्या मागे फिकट बदामी रंग दिला. मग तो मळकट वाटला, काढला. नावांमधलं अंतर किंचित वाढवलं. रंगाचे चौकोन गोल केले. परत चौकोन केले. चार्ट बघायचा राहिला. पण सही झालेला कागद परत बघणं हे सही करणाऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखं आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर
तात्या भावकीला टेम्पोतून आणणार आहेत. मोहनरावसुद्धा येणार. तीन वर्षं बोलणं नव्हतं. तात्यांनी स्वतः जाऊन सांगितलं म्हणे, तू ये, बघ, मी उगाच तुझं दूध परत पाठवत नव्हतो.
प्रतिक्षाने माझा निळा शर्ट इस्त्री केला. ऑर्डर मिळाल्यावर पहिला फोटो त्याच शर्टात काढू म्हणते. उद्या बारामतीहून लवकर निघायचं.

रविवार, २८ सप्टेंबर. दुपारी, मंगल कार्यालयाच्या मागे
सभा चालू आहे. मी बाहेर येऊन लिहितोय. प्रोजेक्टरचे रंग उतरलेत. जुना आहे. निळ्याचा जांभळा दिसतो, असं होतं.

रविवार, २८ सप्टेंबर. संध्याकाळी
झालं ते लिहून ठेवतो.
दिवे घालवले. पडद्यावर चार्ट आला. वरची रेघ ठसठशीत हिरवी. लेजंडमध्ये हिरव्यापुढे नाव: मा. श्री. विजयसिंह, मोठा मळा. त्याच्या खालची रेघ मा. श्री. हिंदुरावांची. तिसरी तिसऱ्यांची. तळाची, मार्चपासून घसरत गेलेली राखाडी रेघ सांगवीची. दुधाची प्रत थेट संचालक मंडळाच्या मानाच्या क्रमाने लागली होती, आणि पाचशे माणसांत एकालाही ते विचित्र वाटलं नाही. टाळ्या झाल्या.
दादा दोन क्षण पडद्याकडे बघत राहिले. आपल्या मळ्यातलं दूध कसं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत. मग त्यांनी उठून सभागृहाला हात जोडले. कूलर मोठ्या मळ्याला. मंजूर, मंजूर.
तात्या चौथ्या रांगेत होते. गुलाबी फेटा. त्यांना लेजंड वाचायला वेळ लागला. शेवटपर्यंत वाचल्यावर त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी लॅपटॉपची वायर नीट करत होतो. मोहनराव शेजारीच बसले होते. ते नुसते जरा मोठ्याने खोकले.
सभा खेळीमेळीत पार पडली असं इतिवृत्तात येईल.
जाताना तात्या माझ्यापाशी थांबले. फेटा काढून काखेत धरला होता. म्हणाले, “जावईबापू, वरची रेघ आमची न्हवती व्हय?”
तपासून सांगतो म्हणालो.

सोमवार, २९ सप्टेंबर
तपासलं. प्रोजेक्टरचा दोष नाही.
नावं हलली, रंग जागच्या जागी राहिले. हिरवी रेघ सांगवीची. राखाडी मोठ्या मळ्याची. मला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं की वरची रेघ तात्यांची आहे, आणि तरी मी तिच्यापुढे दादांचं नाव स्वतःच्या बोटांनी टाइप केलं. लाज वाटली. प्रतिक्षाने निळा शर्ट घडी घालून कपाटात तळाला ठेवून दिला. तिला अजून मी काही सांगितलेलं नाही, तिने नुसता चार्ट बघितलाय.
संकल्प: उद्या दादांना स्पष्ट सांगायचं. वाक्यं तयार केली आहेत. ‘दादा, एक तांत्रिक दुरुस्ती आहे’ अशी सुरुवात करायची. चूक म्हणायचं नाही, दुरुस्ती म्हणायचं.

मंगळवार, ३० सप्टेंबर
केबिनमध्ये गेलो. पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. ‘दादा, एक तांत्रिक’ इथपर्यंत बोललो. दादांनी ड्रॉवरमधून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ऑर्डर. सांख्यिकी अधिकारी, कायम. हिंदुरावांनी पाठीवर थाप मारली आणि यांच्यासारखी माणसं संघाला पाहिजेत म्हणाले. दादांनी विचारलं, “तांत्रिक काय म्हणत होता?”
म्हणालो, प्रोजेक्टर जुना झालाय, बदलायला हवा.
मंजूर केला.
बाहेर आल्यावर शबीना मॅडमनी अभिनंदन केलं. माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता परत हिशेबात बसल्या. दोन पेढे खाल्ले. गोड लागले, हे नमूद करतो.
विचार केला की दादांना आज सांगण्यापेक्षा आधी तात्यांना सांगावं. खरं नुकसान त्यांचं झालंय. तिथून सुरुवात करणं जास्त माणुसकीचं. परवा दसरा आहे, सोनं द्यायला जायचंच आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा
दुपारी सांगवीला गेलो. प्रतिक्षा सकाळीच गेली होती. वाटेत सगळं वाक्य न वाक्य जुळवलं होतं. तात्या, वरची रेघ तुमचीच आहे. चूक माझी आहे. चूकच म्हणायचं ठरवलं होतं.
तात्या घरी नव्हते. सासूबाई, कुशाबाई, म्हणाल्या की सोनं द्यायला गेलेत. आधी मोहनरावाकडं. मी म्हटलं आधी त्यांच्याकडे का? त्यांनी पाट मांडला.
केंद्रासमोरचा ओटा रिकामा. त्यावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलंय.
तात्या आले. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली, पाया पडलो. ऑर्डरचं त्यांना प्रतिक्षाकडून कळलं होतं. माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि खरोखर आनंदाने म्हणाले, पोरीचं नशीब उघडलं. आता दिवाळीला कपडे मी घेणार.
मग ओट्याच्या कडेला बसले. मी पण बसलो. वाक्य तोंडाशी आलं होतं. तेच आधी बोलले.
“मोहनरावाची माफी मागून आलो. तीन सालं त्याचं दूध म्या माघारी लावलं. आता मशीनच म्हणतंय म्हणल्यावर माझ्याच पारखंत खोट असणार. डोळं गेलं म्हणायचं, न्हायतर हात. उद्यापास्नं त्याचं घेतो म्हणलं. समद्यांचंच घेतो.”
मी म्हणालो, तात्या, मशीनपण कधी कधी.
ते म्हणाले, “न्हाय न्हाय. तुमी केल्यालं हाय ते. तुमच्यावर का भरवसा न्हाय आमचा?”
आतून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. श्रीखंड-पुरी होती. तात्यांनी आग्रहाने दोनदा वाढलं. प्रतिक्षा समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होती. हात धुताना सांगू असं ठरवलं. मग पाहुणे आले.
परतीच्या एसटीत खिडकीशी बसून लिहितोय. दमलोय. शांतपणे बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. मोहनरावांचं दूध उद्यापासून सुरू होईल, भावकीतल्या बाकीच्यांचंही. सांगवीची रेघ दिवाळीपर्यंत खाली यायला लागेल, लेजंडमध्ये तिचं नाव आहे तिथे. पुढच्या सभेला मला लेजंडला हातसुद्धा लावावा लागणार नाही.